“लस दिलेल्या गाईचं वासरू रक्ताच्या घामाने मरतं”: या फॉरवर्डमध्ये खरं किती?

विभाग: शेती आणि पशुपालन

वैद्यबुवा_नौपाडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

लाळ्या-खुरकूतच्या लसीची फेरी आली की कुठून ना कुठून एक फॉरवर्ड उगवतोच. या वेळचा असा आहे: काळंपांढरं वासरू, अंगावर रक्ताचे ओघळ, आणि खाली लाल अक्षरांत “गाभण गाईला लस टोचली, वासरू रक्ताच्या घामाने मेलं. पुढे पाठवा.” भिवंडी, कल्याण, मुरबाडकडच्या गोठेवाल्यांच्या ग्रुपांवर फिरून तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन पोचला. तिथे गाय फक्त दुधाच्या पिशवीवर दिसते, तरी चर्चा जोरात.

अख्खी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली, म्हणून लिहायला बसलोय. लांबेल, चहा घेऊन बसा.

रोग खरा आहे. नाव ‘बोव्हाइन निओनेटल पॅन्सायटोपेनिया’, थोडक्यात बीएनपी. २००७ च्या सुमारास जर्मनीत, बव्हेरियाच्या फ्रँकोनिया भागात, पशुवैद्यांना चमत्कारिक वासरं दिसू लागली. जन्मतः ठणठणीत, दूध पिणारी, उड्या मारणारी. दोनेक आठवड्यांची झाली की कानात बिल्ला मारलेल्या जागेतून रक्त थांबेना, इंजेक्शन दिलं तर त्या भोकातून धार लागे. हिरड्यांवर, पापणीच्या आत लाल ठिपके, शेण काळं किंवा रक्ताळलेलं, सोबत ताप. काहींच्या तर अख्ख्या कातडीतून थेंब यायचे. लक्षणं दिसलेल्या वासरांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास मेली. पुढे बेल्जियम, नेदरलँड, फ्रान्स, ब्रिटन, सगळीकडे हेच. एकूण हजारो वासरं.

रक्त तपासलं तर प्लेटलेट जवळजवळ नाहीत, पांढऱ्या पेशी नाहीत. ठाण्यात दर पावसाळ्यात डेंग्यू असल्याने प्लेटलेट म्हणजे काय हे इथे कुणाला शिकवायला नको. फरक एवढा की डेंग्यूत प्लेटलेट खाली जातात आणि आठवड्याभरात वर येतात, कारण त्या बनवणारा कारखाना शाबूत असतो. या वासरांचं शवविच्छेदन केलं तेव्हा कारखानाच रिकामा निघाला. हाडातल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशी उरल्याच नव्हत्या.

पहिला संशय विषाणूंवर गेला. २००६ मध्ये उत्तर युरोपात ‘ब्लूटंग’ हा गुरा-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग पहिल्यांदा घुसला होता, त्यामुळे सगळी बोटं तिकडे. मग २००८ मध्ये ब्लूटंगची लस आली आणि लोक म्हणू लागले की ही लसच कारण. पण वासरं त्याच्या आधीपासून मरत होती, ते कसं जुळणार? डुकरांमधला सर्कोव्हायरस तपासला. बुरशीची विषं, फ्युराझोलिडोनसारखी औषधं, पूर्वी ट्रायक्लोरोएथिलीनने तेल काढलेल्या सोयापेंडीमुळे असाच रक्तस्राव झाला होता तीही शक्यता, सगळं चाळून झालं. हाती काही लागेना.

शेवटी जुन्या पद्धतीनेच उकललं. रोग झालेले गोठे एका बाजूला, न झालेले दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना तेच प्रश्न: जात कोणती, चारा काय, औषधं कोणती, गोठा कसा, गाईला कुठली लस, कधी. उत्तरांत एकच गोष्ट ठळकपणे वर आली. वासराच्या आईला ‘प्रेगशुअर बीव्हीडी’ नावाची लस दिलेली होती. बीव्हीडी हा गाईंचा विषाणूजन्य जुलाबाचा, गर्भपाताचा रोग, त्यावरची फायझर कंपनीची ही मारलेल्या विषाणूची लस. २०१० च्या वसंतात कंपनीने ती जर्मनीत विकणं थांबवलं, त्याच उन्हाळ्यात अख्ख्या युरोपात परवाना स्थगित झाला. न्यूझीलंडमध्ये २०११ साली तिथलीही वासरं सापडल्यावर लस मागे घेतली.

म्हणजे फॉरवर्ड खरा? नाही. कारण नीट समजून घेतलं तर आपल्याकडच्या लसीला तो का लागू पडत नाही ते आपोआप कळतं. बाकीचं जेवणानंतर लिहितो, नातू लॅपटॉप मागतोय.

---

शंकेखोर_सानपाडा

बुवा, लेख छान, पण सरळ विचारतो. लसीनेच झालं हे तुम्हीच सांगताय. मग फॉरवर्डवाल्याचं काय चुकलं? ‘एक लस वाईट निघाली’ हे मान्य, मग दुसरी निघणार नाही कशावरून?

---

ऐरोलीकर

सानपाडा साहेब, बुवांना जेवू द्या.

---

वैद्यबुवा_नौपाडा

प्रश्न रास्त आहे.

विषाणू हवेत वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. प्रेगशुअरचा विषाणू गाईच्याच मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवलेला होता. अशा पेशींची एक प्रसिद्ध वंशावळ आहे, १९५७ साली एका बैलाच्या मूत्रपिंडातून काढलेली, आणि ती जगभरच्या प्रयोगशाळांत अजून वाढतेच आहे. विषाणू काढताना पेशींचे तुकडेही सोबत येतात. त्या तुकड्यांवर एमएचसी नावाची प्रथिनं असतात. ती प्रत्येक जनावराची वेगळी, ओळखपत्रासारखी. म्हणजे गाईच्या अंगात विषाणूसोबत दुसऱ्याच एका बैलाची ओळखपत्रंही टोचली गेली. त्यात प्रेगशुअरमधलं ॲडज्युव्हंट, म्हणजे लसीचा जोर वाढवायला घातलेलं द्रव्य, फार तगडं होतं. गाईच्या शरीराने विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, केली आणि त्या परक्या ओळखपत्रांविरुद्धही केली.

गाईला स्वतःला काही झालं नाही, कारण ती ओळखपत्रं तिच्या पेशींवर नव्हतीच. आता तिचं वासरू बघा. अर्धी ओळखपत्रं आईची, अर्धी बापाची. बापाकडून आलेलं एखादं जर त्या बैलाच्या पेशींशी जुळलं, तर आईच्या प्रतिपिंडांसाठी वासरूच परकं.

पोटात असेपर्यंत तरीही धोका नाही. माणसात आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात, गाईत नाही मिळत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडं जवळपास शून्य असतात. सगळी मिळतात चिकातून, तीही पहिल्या चोवीस तासांत. तोवर आतड्याची दारं उघडी असतात, मग मिटतात. तर या गाईंच्या चिकात वासराचं संरक्षण होतं आणि त्याच घोटात त्याच्या मगजाचा काळही होता. चीक प्यायल्यावर काही तासांतच प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घसरतात. मगज मरतो. असलेल्या थोड्याफार प्लेटलेट संपल्या की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रक्त फुटतं. म्हणून मधले दिवस ते वासरू धडधाकट दिसतं.

पुराव्याबद्दल म्हणाल, तर अशा गाईंचा चीक दुसऱ्याच गाईंच्या वासरांना पाजून पाहिला, त्यांनाही तोच रोग झाला. म्हणजे दोष वासराच्या रक्तात नाही, गोठ्यात नाही, चिकात.

---

शंकेखोर_सानपाडा

समजलं. पण मग लस दिलेल्या सगळ्याच गाईंची वासरं मरायला हवी होती.

---

वैद्यबुवा_नौपाडा

नेमकं इथेच संशोधकही बराच काळ अडले होते. लस दिलेल्या बहुसंख्य गोठ्यांत एकही वासरू गेलं नाही. म्हणून आधी कुणी लसीला धरायलाच तयार नव्हतं.

एक लस टोचून भागत नाही, बऱ्याच गोष्टी एका वेळी जुळाव्या लागतात. गाईकडे स्वतःकडे ती ओळखपत्रं नकोत. बापाकडून वासराला नेमकी तीच मिळायला हवीत. गाईने भरपूर प्रतिपिंडं केलेली हवीत, आणि ती दर वर्षीच्या बूस्टरने चढत जातात. त्यामुळे पहिलारू कालवडींपेक्षा दोन-तीन वेत झालेल्या गाईंची वासरं जास्त सापडली. आणि वासराने तो चीक पोटभर प्यायला हवा. यात अनुवंशही आहे. जर्मनीत शारोले आणि होल्स्टीन या गाईंच्या जातींच्या संकरातून प्रयोगासाठी वाढवलेल्या एका कळपात हा रोग इतका वारंवार दिसला की काही घराण्यांत त्याकडे कल आहे, असं तिथल्या संशोधकांनी मांडलं. एकदा असं वासरू दिलेली गाय पुढच्या वेतालाही देऊ शकते. लस बंद झाल्यावरही काही काळ वासरं सापडत राहिली ती यामुळेच, प्रतिपिंडं गाईच्या अंगात टिकून होती.

तुमचा दुसरा प्रश्न, उद्या दुसरी लस वाईट निघणार नाही कशावरून. लसीला प्रश्न विचारायचेच. पण योग्य प्रश्न विचारायचे: कुठल्या पेशींत वाढवली, ॲडज्युव्हंट कोणतं, किती वेळा द्यायची. सरकारी फेरीत देतात ती लाळ्या-खुरकूतची लस हॅम्स्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवतात. तिच्यात तेल किंवा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचं ॲडज्युव्हंट असतं, जोरही असतो, मान्य. पण गाईच्या अंगात हॅम्स्टरविरुद्ध प्रतिपिंडं झाली तरी तिचं वासरू काही हॅम्स्टर नाही. ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदाच, आणि ती तर जिवाणूची. घटसर्पाचीही जिवाणूचीच. लम्पीसाठी दिलेली शेळ्यांच्या देवीची लस जिवंत, तेलाबिलाशिवायची. बीव्हीडीची लस २०१९ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाहीच.

---

रक्तपेढीवाली_वाशी

बुवा, दंडवत घ्या. मी माणसांच्या रक्तपेढीत काम करते, आणि हे वाचताना ‘अरे, हे तर आमचंच’ असं झालं.

तुम्ही ज्याला ओळखपत्र म्हणता ते माणसात एचएलए. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईच्या रक्तात नवऱ्याच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं सापडणं नवीन नाही, बाळाच्या पेशी तिच्या रक्तात येतात ना. तिला त्रास शून्य. पण तिचा प्लाझ्मा दुसऱ्याला चढवला तर क्वचित त्याच्या फुप्फुसात पाणी भरून जीवावर बेततं. म्हणून प्लाझ्मासाठी बऱ्याच ठिकाणी पुरुष दाते पसंत करतात. गाईचा चीक आणि आमची प्लाझ्माची पिशवी, यंत्रणा तीच.

आरएच निगेटिव्ह आईचं तर सगळ्यांना माहीत असतं. बाळाच्या प्लेटलेटविरुद्ध आईची प्रतिपिंडं असाही प्रकार आहे, त्यात पहिलंच बाळ सापडू शकतं. पण तिथे मगज वाचतो, काही आठवड्यांत बाळ सावरतं. वासरांत मगजाच्या मूळ पेशीच का मेल्या?

---

वैद्यबुवा_नौपाडा

ताई, एमएचसीचा पहिला वर्ग जवळपास प्रत्येक पेशीवर असतो, नुसत्या प्लेटलेटवर नाही. रक्ताच्या मूळ पेशींवरही असतो. म्हणून तडाखा मुळावर बसला. लाल पेशी त्यामानाने उशिरा कमी होतात, कारण गाईची लाल पेशी चार-पाच महिने जगते. वासरू पांढरं पडतं ते मुख्यतः रक्त वाहून गेल्याने.

आणि असा प्रकार गुरांत पहिल्यांदा घडला असंही नाही. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेत ॲनाप्लाझ्मा रोगावर एक लस होती, गाईच्या रक्तापासूनच केलेली. त्यातल्या लाल पेशींच्या तुकड्यांमुळे गाईंनी दुसऱ्या रक्तगटांविरुद्ध प्रतिपिंडं केली, आणि चीक प्यायल्यावर वासरांच्या लाल पेशी फुटल्या. खेचरांच्या शिंगरांत तर लसीवाचूनही होतं ते. धडा समोर होता, तरी चाळीस वर्षांनी पेशी बदलून तोच घोळ झाला, याचा मला अजून राग येतो.

---

खवय्या_जांभळीनाका

एक बाळबोध प्रश्न. बाजारात डेअरीत चीक मिळतो, घरी खरवस होतो. अशा गाईचा चीक आपण खाल्ला तर?

---

वैद्यबुवा_नौपाडा

काही होत नाही. खरवस घट्ट होतो तोच मुळी ती प्रथिनं उकडून गोठल्यामुळे, गोठलेलं प्रतिपिंड कामातून गेलं. शिवाय तुमच्या-माझ्या आतड्याची दारं केव्हाच मिटली. वेलची-जायफळ घालून निवांत खा.

मात्र तो चीक कुणाच्या तोंडचा काढलाय हे एकदा डेअरीवाल्याला विचारा.

---

तबेलेवाला_कोलशेत

आता आमच्यावर येणार हे माहीत होतं. 😀

साहेब, आमच्याकडे सगळ्या म्हशी. हरियाणा-गुजरातहून आणायच्या, व्यायल्या की दूध विकायचं. पारडू नर असेल तर त्याला पोसून आम्हाला काय मिळतं ते सांगा. चिकाला गिऱ्हाईक रांगेत उभं असतं. थोडा पाजतो, बाकी विकतो. कुणी पाजतच नाही तिथे चिकाने वासरू मरेल कसं? तुमचा हा रोग आमच्या दारात यायचाच नाही.

---

वैद्यबुवा_नौपाडा

विनोद कळला, पण तुमच्या तबेल्यातली किती पारडं पहिला महिना काढतात ते सांगा. चीक न मिळालेल्याला रक्तस्रावी रोगाची गरज नाही, हगवण आणि बेंबीतून चढलेला जंतू पुरतात. मी या नोकरीत चिकाअभावी मेलेली वासरं-पारडं बघितली त्यांच्यापुढे बीएनपी काहीच नाही. म्हणूनच हा फॉरवर्ड वाचून मला धास्ती वाटली. उद्या कुणी म्हणेल ‘चिकात विष असतं’ आणि उरलासुरला घोटही बंद करेल.

चीक पाजायचा तो वजनाचा दहावा हिस्सा. पंचवीस-तीस किलोच्या वासराला अडीच-तीन लिटर, पहिला हप्ता तास-दोन तासांत. वार पडायची वाट बघत बसू नका, ते जुनं खूळ आहे.

---

तबेलेवाला_कोलशेत

वार पडेपर्यंत पाजायचं नाही हे आमचे आजोबाही म्हणायचे. बरं, मादी पारडीला तरी पोटभर पाजतो. नराचं मात्र परवडलं पाहिजे, साहेब. शहरात पेंढ्याचा भाव तुम्हाला माहीत आहे.

---

मुरबाडचा_गोठा

राम राम. मी मुरबाड तालुक्यातला, होल्स्टीन संकरित गाई आहेत. धागा बघून घाबरलोच. आमची एक कालवड तीन आठवड्यांची, परवापासून ताप आहे, दूध सोडलं. पापणी उलटवून बघितली तर लाल ठिपके. शेण काळसर. आईला गाभण असताना लाळ्या-खुरकूतची लस झालीये. घरचे म्हणतात लसीनेच. गावात दोघांनी पुढची लस नको म्हणून सांगितलं पण. काय समजू?

---

वैद्यबुवा_नौपाडा

दादा, आधी सांगा: खांद्याच्या पुढे, मांडीच्या पुढे हाताला गाठ लागते का? कानाच्या आत, शेपटीखाली गोचीड आहेत का? डोळा बाहेर आल्यासारखा दिसतो का? टोचलेल्या जागेतून रक्त थांबतंय का? शेणात ताजं लाल रक्त की नुसतं काळं? गोठ्यात घुशींसाठी औषध टाकलंय का?

---

मुरबाडचा_गोठा

खांद्यापुढे लिंबाएवढी गाठ आहे, दोन्ही बाजूंना. गोचीड आहेत, कानात तर दाटलेत. काल सलाईनची सुई काढली तिथलं रक्त लगेच थांबलं. शेण काळं. घुशीचं औषध वैरणीच्या खोलीत आहे, पण तिकडे कालवड जात नाही.

---

वैद्यबुवा_नौपाडा

हात न लावता निदान करणं बरोबर नाही, पण पैज लावायची तर मी गोचीडतापावर लावेन, म्हणजे थायलेरिया. गाठी, ताप, गोचीड, पापणीत ठिपके, संकरित जनावर. बीएनपीत अशा गाठी सुजत नाहीत आणि सुईचं भोक इतक्या सहज बंद होत नाही. उद्या उजाडायच्या आत तालुक्याच्या दवाखान्यात कळवा, जायला जमत नसेल तर १९६२ वर फोन करून फिरता दवाखाना मागवा. कानाच्या शिरेतल्या रक्ताची काच, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायची पट्टी, करायला सांगा, आणि जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेऊन प्लेटलेट, पांढऱ्या पेशी मोजायला पाठवा. गाठीतून सुईने पाणी काढून काच केली तर अजून बरं. थायलेरिया असेल तर ब्यूपार्व्हाक्वोनचं इंजेक्शन आहे, पण जितका उशीर तितका त्याचा उपयोग कमी.

इतरांसाठी, लहान वासराला रक्त दिसलं तर आपल्याकडे डोक्यात आधी काय यावं ते लिहून ठेवतो. तीन आठवड्यांच्या पुढे आणि शेणात ताजं रक्त, शेंबूड, कुंथणं असेल तर कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातला परजीवी. त्याआधीच रक्ती हगवण आणि ताप असेल तर साल्मोनेला किंवा जंतू रक्तात शिरलेत असं समजा. बेंबीला आयोडीन लावलं नाही, नाळ नीट बांधली नाही, तर तिथूनही नुसतं रक्त जातं. तबेल्यात घुशींच्या गोळ्यांची पुडी वासराने चघळली तर आतल्या आत रक्तस्राव होतो, त्यावर के-१ जीवनसत्त्व चालतं आणि वासरू वाचतं, पण पुडी पशुवैद्याला दाखवायला हवी. बीव्हीडीच्या विषाणूचाच एक प्रकार प्लेटलेट पाडतो, १९९३ साली कॅनडात त्याने धुमाकूळ घातला होता. म्हणजे ज्या रोगावर ती लस होती तो रोगही रक्त फोडू शकतो.

फॉरवर्डमधल्या रक्ताच्या घामाबद्दल एक तळटीप. आपल्याकडे उन्हाळ्यात मोठ्या गुरांच्या मानेवर-खांद्यावर रक्ताचे थेंब दिसतात, ती कातडीखालच्या बारीक सुतासारख्या कृमींची करणी. त्या कृमीला वाढायला सात-दहा महिने लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांच्या वासराला तिच्यामुळे घाम येणं शक्य नाही.

---

माहेर_शहापूर

आमच्याकडे असं रक्त गेलं की हळद-तुरटी लावायचे. जखमेला ठीक आहे, पण पोटातून जाणाऱ्या रक्ताला तुरटी पाजताना मी स्वतः बघितलंय. कृपया कुणी करू नका.

---

शंकेखोर_सानपाडा

बुवा, रात्रभर वाचत होतो. एक मुद्दा सापडला. थायलेरियाची जी लस आहे ती गाईच्याच पांढऱ्या पेशींमध्ये वाढवतात. म्हणजे तुमच्या प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न ती नापास! आता बोला.

---

वैद्यबुवा_नौपाडा

शाब्बास. दवाखान्यात हाताखाली असतात तर सोडलं नसतं तुम्हाला.

बरोबर आहे. त्या लसीत गाईच्या जिवंत पेशी असतात, आत दुबळा केलेला परजीवी. टोचल्यावर शरीर त्या परक्या पेशी झिडकारतं, थोडी प्रतिपिंडंही होतात. पण पेशी कुठल्या हा एकच प्रश्न नसतो. ती देतात लहान वयात, एकदा, तगड्या ॲडज्युव्हंटशिवाय. प्रेगशुअर मोठ्या गाईला, वर्षानुवर्षं बूस्टर, आणि सोबत जोरदार द्रव्य. युरोपात गाईच्या पेशींत वाढवलेल्या बीव्हीडीच्या दुसऱ्याही लसी होत्या, त्यांच्यामागे असा रोग लागला नाही. पेशींचे तुकडे किती आणि ॲडज्युव्हंट किती तिखट, या दोन्हींवर ठरतं. तरी तुमचा प्रश्न गाभण मोठ्या गाईच्या बाबतीत विचारण्यासारखाच आहे. मी नोकरीत असतो तर गाभण गाईला ती दिली नसती.

---

रक्तपेढीवाली_वाशी

सानपाडा, तुम्हाला आमच्या विभागात जागा आहे. पगार मात्र कमी. 😄

---

ऐरोलीकर

त्या युरोपातल्या शेतकऱ्यांनी काय केलं पण? लस दिलेल्या सगळ्या गाई विकल्या?

---

वैद्यबुवा_नौपाडा

नाही. ज्या गाईचं एक वासरू असं गेलं तिचा चीक पुढे कधीच कुठल्याही वासराला पाजायचा नाही, साठवणीतही मिसळायचा नाही, हा मुख्य सल्ला. तिच्या वासराला दुसऱ्या गाईचा, लस न दिलेल्या गाईचा चीक द्यायचा. बऱ्याच गाईंचा चीक एकत्र केला की एकीची प्रतिपिंडं पातळ होतात हे खरं, पण ती एक फार जहाल असेल तर तिच्यामुळे अनेक वासरांना लागण्याचीही भीती. म्हणून वेगळा ठेवणं बरं. आजारी पडलेल्यांना रक्त चढवून, अँटिबायोटिक देऊन पाहिलं, फारशी वाचली नाहीत. मगजच नसेल तर रक्त किती दिवस चढवणार?

---

मुरबाडचा_गोठा

डॉक्टरसाहेब, काचेत थायलेरिया निघाला. इंजेक्शन दिलं, ताप उतरलाय, आज थोडं दूध प्यायली. अजून उभी राहताना पाय लटपटतात, दवाखान्यातले म्हणाले आठवडा बघू. प्लेटलेट कमी आहेत पण अगदी तळाला नाहीत. गावातल्या त्या दोघांना रिपोर्ट दाखवला, एकाने लस घेतो म्हटलं, दुसरा म्हणतो आधी सगळ्यांची होऊ दे.

गोचीडांसाठी गोठ्याच्या भिंतींच्या फटीत फवारणी चालू केली. आता एक विचारायचं राहिलं. दुसरी गाय या महिन्यात व्यायची आहे, पहिलारू आहे, चीक कमी पडेल असं वाटतंय. जुन्या गाईचा साठवून ठेवता येतो का?

---

वैद्यबुवा_नौपाडा

येतो. पहिल्या धारेचाच घ्या, त्या गाईला कासदाह नको, आधी तिचं वासरू असं रक्त जाऊन मेलेलं नको. स्वच्छ बाटल्यांत लिटर-लिटर भरून डीप फ्रीजरमध्ये, वर तारीख आणि गाईचा बिल्ला क्रमांक. वर्षभर टिकतो. वापरताना बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवायची, पन्नास अंशांच्या आतलं पाणी. गॅसवर उकळलात तर तुमचाही खरवस.

---

मुरबाडचा_गोठा

फ्रीजरमध्ये घरच्यांनी मटार भरून ठेवलेत. आज रात्री बोलणी करतो.

---

तबेलेवाला_कोलशेत

दादा, तुमच्या जुन्या गाईचा चीक उरला तर सांगा, भाव चांगला देतो.

---

वैद्यबुवा_नौपाडा

मुरबाडकर, याला विकू नका.